बोआ साप पाळायचा तर त्याचं घर कसं असावं लागतं? आणि भारतात तो पाळता येतो का?

गळ्यात जाडजूड साप, चेहऱ्यावर हसू आणि मागे ट्रेंडिंग गाणं. अशी रील तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आली असेल. कमेंटमध्ये दोन गट ठरलेले असतात. एक म्हणतो, "बाप रे!" आणि दुसरा विचारतो, "भाई, कुठे मिळेल?"

त्या रीलमधला साप बरेचदा 'बोआ' असतो. अमेरिका, ब्रिटन आणि युरोपात हा साप पाळणारे हजारो लोक आहेत. पण तीस सेकंदांच्या रीलमध्ये एक गोष्ट जवळपास कधीच दिसत नाही, ती म्हणजे उरलेला सगळा दिवस हा साप राहतो कुठे.

बोआ आजारी पडण्याची, भाजण्याची किंवा निसटून जाण्याची कारणं शोधली, तर ती अनेकदा त्याच्या पेटीतच सापडतात. म्हणून ही पेटी नेमकी कशी असावी लागते, त्यामागचं विज्ञान काय आहे आणि भारतात याबाबत कायदा काय सांगतो, हे समजून घेऊया.

बोआ म्हणजे नेमका कोणता साप?

बोआ हा मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला बिनविषारी साप. त्याचं शास्त्रीय नावच 'बोआ कन्स्ट्रिक्टर' आहे. पाळीव प्राण्यांच्या बाजारात जास्त दिसतो तो त्याचा जवळचा भाऊबंद, 'बोआ इम्परेटर'. तो मुख्यतः मेक्सिकोपासून कोलंबियापर्यंत आढळतो आणि आकाराने थोडा लहान असतो.

बोआ म्हणजे अजगर नव्हे. दोघंही भक्ष्याला विळखा घालून मारतात, दोघंही जाड असतात, त्यामुळे गोंधळ होतो. पण अजगर अंडी घालतो, तर बोआची मादी थेट पिल्लांना जन्म देते. आणखी एक गैरसमज म्हणजे विळख्यात भक्ष्य गुदमरून मरतं. अमेरिकेतल्या डिकिन्सन कॉलेजच्या संशोधकांनी २०१५ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगात वेगळंच दिसलं. बोआच्या विळख्याने काही सेकंदांतच भक्ष्याचा रक्तप्रवाह कोलमडतो.

आता पाळणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आकडे. जन्मलेलं पिल्लू साधारण ४० ते ५० सेंटीमीटरचं असतं, म्हणजे शाळेतल्या पट्टीपेक्षा थोडं लांब. पूर्ण वाढलेली मादी दोन ते तीन मीटरपर्यंत जाऊ शकते आणि तिचं वजन १० ते १५ किलो भरू शकतं. नर सहसा लहान असतो. नीट सांभाळ झाला तर बोआ २० ते ३० वर्षं जगतो. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातला एक बोआ तर ४० वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे.

म्हणजे कॉलेजात असताना आणलेला साप स्वतःची मुलं कॉलेजात जाईपर्यंत सोबत असू शकतो. पेटीचा विचार इथून सुरू होतो.

पेटी किती मोठी हवी?

सापाला जागा लागत नाही, तो तर वेटोळं करूनच बसतो, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. याच समजुतीवर व्यावसायिक पैदास करणारे अनेक जण कपाटाच्या खणांसारख्या प्लास्टिकच्या ड्रॉवरमध्ये साप ठेवतात. त्याला 'रॅक' म्हणतात.

या समजुतीला गेल्या काही वर्षांत जोरदार आव्हान मिळालं आहे. ब्रिटनमधले जीवशास्त्रज्ञ क्लिफर्ड वॉरविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये बंदिवासातल्या सापांच्या जागेवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. साप अनेकदा अंग सरळ ताणून पडतात, त्यामुळे त्यांना पूर्ण लांब होता येईल एवढी जागा मिळायलाच हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. प्राणी कल्याणासाठी काम करणारी ब्रिटनमधली 'आरएसपीसीए' ही संस्थाही हेच सांगते.

सगळे पाळणारे याच्याशी सहमत नाहीत. लहान सापाला फार मोठ्या उघड्या जागेत असुरक्षित वाटतं आणि तो खाणं सोडतो, असा त्यांचा अनुभव असतो. पण यावर उपाय पेटी लहान करणं हा नाही. मोठ्या पेटीत लपायला भरपूर जागा दिल्या की हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो.

हिशेब सोपा आहे. पिल्लाला सुरुवातीला ६० ते ९० सेंटीमीटर लांबीची पेटी पुरते. दोन मीटरच्या सापाला मात्र लांबी साधारण सहा ते आठ फूट, रुंदी दोन ते तीन फूट आणि उंची किमान दोन फूट लागते. घरातला सिंगल बेड डोळ्यांसमोर आणा. मोठ्या बोआची पेटी त्याच्याएवढी किंवा त्याहून लांब असते. उंचीही महत्त्वाची, कारण बोआ चढतो, आणि तरुण बोआ तर जास्तच.

पेटी काचेची, पीव्हीसीची किंवा लाकडी असू शकते. काचेच्या टाकीतून वरच्या जाळीवाटे ऊब आणि ओलावा लवकर निघून जातो. लाकूड ऊब धरून ठेवतं, पण सांधे सिलिकॉनने बंद केले नाहीत तर ओलाव्याने फुगतं. पीव्हीसी हलकं असतं आणि पुसायला सोपं जातं. म्हणून मोठ्या सापांसाठी पुढून उघडणाऱ्या पीव्हीसी पेट्या लोकप्रिय आहेत. वरून हात खाली आला की सापाला शिकारी पक्ष्याची झडप वाटू शकते. पुढून दार असलं की हा ताण कमी होतो.

आणि एका पेटीत एकच साप. बोआला सोबतीची गरज नसते. दोन साप एकत्र ठेवले की उबेसाठी, लपण्याच्या जागेसाठी आणि खाण्यासाठी ताण निर्माण होतो. एकाला आजार झाला तर दुसराही वाचत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: एक बाजू गरम, दुसरी गार

माणसाचं शरीर स्वतः उष्णता तयार करतं. साप तसं करत नाही. थंडी वाजली की तो उन्हात जातो, तापला की सावलीत. अन्न पचवणं, रोगाशी लढणं, हालचाल करणं हे सगळं त्याला बाहेरून मिळणाऱ्या उबेवर चालतं.

म्हणून पेटीत सगळीकडे एकसारखं तापमान ठेवणं ही चूक ठरते. सापाला निवड करता आली पाहिजे. साधारणपणे एका टोकाला अंग शेकण्याची जागा ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास, दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश, आणि रात्री थोडं कमी, पण २३-२४ अंशांच्या खाली नाही, असं गणित सांगितलं जातं.

यासाठी हॅलोजन दिवा, सिरॅमिक हीटर किंवा छताला लावायचं उष्णतेचं पॅनल वापरतात. पण हीटरपेक्षाही महत्त्वाची वस्तू आहे थर्मोस्टॅट. ठरलेलं तापमान आलं की तो हीटरची वीज कमी किंवा बंद करतो. दिव्यांना मंद-तेज करणारा थर्मोस्टॅट लागतो, सिरॅमिक हीटरला ठरावीक अंतराने वीज सोडणारा.

थर्मोस्टॅटशिवाय हीटर म्हणजे बंद खोलीत चालू ठेवलेली शेगडी. सापांच्या डॉक्टरांना वारंवार दिसणारी एक जखम म्हणजे भाजल्याची. चटका बसत असतानाही साप अनेकदा ती जागा सोडत नाही, आणि मालकाला कळेपर्यंत पोटाची कातडी जळालेली असते. म्हणूनच वीज लावलेले 'गरम दगड' टाळायला सांगतात. दिवा किंवा हीटर पेटीच्या आत असेल तर त्याला जाळीचं आवरण हवंच, कारण बोआ त्याला विळखा घालून बसू शकतो.

तळाशी ठेवायच्या हीट मॅटचीही एक गोम आहे. दहा किलोचा साप त्यावर वेटोळं घालून बसला की खालची उष्णता बाहेर पडत नाही. थर्मोस्टॅटचा सेन्सर बाजूला असतो, त्याला सगळं ठीक वाटतं आणि सापाच्या पोटाखाली मात्र तापमान चढत जातं.

म्हणून तापमापी एक नव्हे, दोन लागतात, प्रत्येक टोकाला एक. काचेवर चिकटवायच्या स्वस्त गोल तापमापीपेक्षा तारेचा सेन्सर असलेली डिजिटल तापमापी जास्त विश्वासार्ह असते.

ओलावा, पाणी आणि कात

बोआला दमट हवा लागते. आर्द्रता साधारण ५० ते ७० टक्के, आणि कात टाकायच्या दिवसांत थोडी जास्त.

कात टाकण्याआधी सापाचे डोळे दुधाळ निळसर होतात. हवा फार कोरडी असेल तर कात तुकड्यातुकड्याने निघते. डोळ्यांवरचं पारदर्शक आवरण आणि शेपटीच्या टोकाची कात तशीच चिकटून राहू शकते. निरोगी सापाची कात बहुधा पायमोज्यासारखी उलटी होऊन एकसंध निघते.

पण ओलावा म्हणजे चिखल नव्हे. हवा खेळती नसेल आणि तळ सतत ओला असेल तर पोटाच्या खवल्यांना संसर्ग होतो. दमट हवा आणि कोरडा तळ असा समतोल साधायचा असतो.

पाण्याचं भांडं जड हवं, सापाने ढकललं तरी न उलटणारं, आणि तो आत बसू शकेल एवढं मोठं. बोआ अनेकदा पाण्यातच घाण करतो. मग तेच पाणी तो पिणार नाही, एवढं पाहणं मालकाचं काम.

पेटीच्या आत काय काय असावं?

लपायच्या दोन जागा: एक गरम बाजूला, एक गार बाजूला. एकच असेल तर सापाला ऊब आणि सुरक्षितता यांतून एक निवडावं लागतं. लपायची जागा ऐसपैस नको. अंगाला तिन्ही बाजूंनी टेकेल एवढी घट्ट असली की सापाला सुरक्षित वाटतं.

चढायला फांद्या: सापाचं वजन पेलतील अशा जाड आणि भिंतीला पक्क्या बसवलेल्या. सैल फांदी सापासकट खाली आली तर इजा होते.

तळाला अंथरायला: नारळाच्या सोडणाचा भुसा, सायप्रस झाडाच्या सालीचे तुकडे, किंवा अगदी साधा वर्तमानपत्राचा कागद. नवा साप आणला असेल तर कागदच उत्तम, कारण विष्ठा आणि परजीवी लगेच दिसतात. पाइन आणि सिडार या लाकडांचा भुसा मात्र वापरत नाहीत. त्यातल्या उग्र वासाच्या तेलांचा सापाला त्रास होतो.

प्रकाश: दिवसा साधारण १२ तास उजेड आणि रात्री अंधार. सापांना अतिनील किरणांचा दिवा लागतच नाही, असं पूर्वी मानलं जायचं. आता सौम्य दिवा दिल्यास फायदा होतो, असं अनेक जाणकार सांगतात.

कुलूप: हे गमतीने घेऊ नका. बोआ म्हणजे जवळपास सगळा स्नायूच. सरकती काच तो नाकाने ढकलून बाजूला करतो. डोकं आत जाईल एवढी फट मिळाली की उरलेलं अंग मागून येतंच. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर कुलूप हा सजावटीचा भाग राहत नाही.

आधी पेटी, मग साप

अनेकांचा क्रम इथेच चुकतो. साप आधी येतो आणि पेटी 'पुढच्या महिन्यात'. जाणकार उलटं सांगतात. पेटी पूर्ण लावा, हीटर आणि थर्मोस्टॅट चालू करा आणि निदान आठवडाभर रिकामी पेटी चालवून पाहा. दुपारी किती तापते, पहाटे किती गार होते, वीज गेल्यावर किती वेळात थंड पडते, हे लिहून ठेवा. सगळं स्थिर झालं की मगच साप आणा.

घरात आधीपासून साप असेल तर नव्या सापाला काही महिने वेगळ्या खोलीत ठेवावं लागतं. कारण 'इन्क्लुजन बॉडी डिसीज' हा आजार. बोआ आणि अजगरांना होणाऱ्या या जीवघेण्या रोगावर इलाज नाही. साप मान वर करून आकाशाकडे पाहत राहतो, तोल जातो, खाल्लेलं उलटतो. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांना २०१२ मध्ये या रोगाशी संबंध असलेले अरेनाव्हायरस गटातले नवे विषाणू सापडले. बोआच्या अंगात हा विषाणू बराच काळ लक्षणांशिवाय राहू शकतो, म्हणून 'दिसायला तर ठणठणीत आहे' यावर भागत नाही.

पेटी चुकली आहे, हे साप कसं सांगतो?

साप ओरडत नाही, शेपटी हलवत नाही. पण खुणा देतो.

- सतत गरम टोकालाच चिकटून बसला असेल तर पेटी एकूणच थंड असू शकते. कायम गार टोकाला असेल तर जास्त गरम.
- तासन् तास पाण्यात बसत असेल तर उष्णता जास्त आहे किंवा अंगावर परजीवी किडे आहेत का, ते पाहावं.
- काचेवर नाक घासत राहणं म्हणजे जागा कमी, लपायला जागा नाही किंवा तो ताणाखाली आहे.
- तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, शिट्टीसारखा आवाज, नाकातून बुडबुडे, ही श्वसनाच्या संसर्गाची लक्षणं. इथे इंटरनेट नव्हे, डॉक्टर लागतो.
- खाल्लेलं उलटून टाकणं. पेटी थंड असली की पचन होत नाही, किंवा खाल्ल्यावर लगेच सापाला हाताळलेलं असतं. म्हणून खाणं दिल्यावर किमान दोन दिवस त्याला हात लावू नये.

माणसांसाठीही नियम आहेत. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. पाच वर्षांखालचं मूल असलेल्या घरात असे प्राणी ठेवू नयेत, असं अमेरिकेची 'सीडीसी' ही आरोग्य संस्था सांगते. पेटी धुतलेलं भांडं स्वयंपाकघरात येता कामा नये आणि मोठा बोआ एकट्याने हाताळू नये.

सांभाळता आला नाही तर सोडून द्यायचा?

नाही. याची किंमत काही बेटं आजही मोजत आहेत. कॅरिबियन समुद्रातलं अरुबा, मेक्सिकोचं कोझुमेल आणि पोर्टो रिको या तिन्ही ठिकाणी बाहेरून आलेला बोआ जंगलात स्थिरावला आहे. तो तिथले पक्षी, सरडे आणि छोटे सस्तन प्राणी फस्त करतो, आणि त्याला पूर्णपणे हटवणं जवळपास अशक्य झालं आहे.

अमेरिकेने २०१२ आणि २०१५ मध्ये काही मोठे अजगर आणि ॲनाकोंडा यांना 'हानिकारक प्रजाती' ठरवून त्यांच्या आयातीवर बंदी घातली. बोआ कन्स्ट्रिक्टरचाही प्रस्ताव होता, पण २०१५ मध्ये तो मागे घेण्यात आला. म्हणून तिथे बोआ अजूनही विकला जातो.

भारतात बोआ पाळता येतो का?

रीलखालच्या कमेंटमध्ये सर्वांत जास्त गोंधळ इथे असतो. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली, भारतीय साप. नाग, धामण, अजगर, मांडूळ असे भारतीय साप घरात पाळता येत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण दिलं आहे. यात मांडुळाचा उल्लेख खास करायला हवा, कारण इंग्रजीत त्याला 'रेड सँड बोआ' म्हणतात. 'बोआ पाळायला परवानगी आहे' असं कुठेतरी वाचून कुणी मांडूळ विकत घेतला, तर तो थेट गुन्हा आहे. गुप्तधन, पैशांचा पाऊस, 'दुतोंड्या' अशा अंधश्रद्धांपायी महाराष्ट्रात या सापाची मोठी तस्करी होते. प्रत्यक्षात त्याला तोंड एकच असतं. शेपटी बोथट असते, एवढंच.

दुसरी, विदेशी साप. बोआ हा 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. २०२० मध्ये केंद्र सरकारने विदेशी प्राणी पाळणाऱ्यांना स्वेच्छेने माहिती देण्याची मुदत दिली होती. त्यानंतर २०२२ च्या दुरुस्तीने साइट्स यादीतल्या प्रजाती थेट वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले. त्यानुसार असा प्राणी ज्याच्याकडे आहे त्याला केंद्राच्या 'परिवेश २.०' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. प्राणी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला, तर तेही कळवावं लागतं.

म्हणजे विदेशी बोआवर सरसकट बंदी नाही, पण कागदपत्रांशिवाय तो ठेवणं बेकायदेशीर आहे. 'बिल नंतर पाठवतो' म्हणणारा इन्स्टाग्रामवरचा विक्रेता नेमकं काय विकतो आहे, हे यावरून समजावं. मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या सामानातून विदेशी साप अनेकदा जप्त झाले आहेत. कापडी पिशव्यांत, डब्यांत कोंबलेले हे जीव बरेचदा अर्धमेले असतात.

कागदपत्रं असली तरी महाराष्ट्रात एक व्यावहारिक अडचण उरतेच. इथे पेटी गरम करण्यापेक्षा गार ठेवणं अवघड आहे. विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा ३२ अंशांची 'गरम बाजू' आणि २६ अंशांची 'गार बाजू' एसीशिवाय कशी राखणार? आणि भर मे महिन्यात चार तास वीज गेली तर? शिवाय सापांवर उपचार करणारा पशुवैद्यक प्रत्येक जिल्ह्यात सापडेलच, असं नाही.

घराजवळ कुठला अनोळखी किंवा सुटलेला साप दिसला, तर त्याला पकडायला जाऊ नका. महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.

मग शेवटी ठरवायचं कसं?

साप आवडतो का, हा प्रश्न सोपा आहे. अवघड प्रश्न वेगळे आहेत. सिंगल बेडएवढी जागा पुढची २५ वर्षं देता येईल का? नोकरीसाठी शहर बदललं, भाड्याचं घर बदललं, लग्न झालं, तर ही पेटी सोबत येईल का? गावी गेल्यावर थर्मोस्टॅटकडे कोण बघेल? फ्रीजरमध्ये गोठवलेले उंदीर ठेवायला घरचे तयार आहेत का?

यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर 'बघू नंतर' असेल, तर साप रीलमध्येच पाहिलेला बरा. आवड खरंच असेल तर सापांचा अभ्यास करायला, त्यांचे फोटो काढायला किंवा वन विभागासोबत काम करणाऱ्या सर्पमित्रांकडून शिकायला पेटी लागत नाही.